जे जनावर पळत नाही

वाचकाचं पत्र:

डॉक्टरकाका, नमस्कार. मी अंबाजोगाईहून लिहितेय. जूनच्या सुरुवातीला आम्ही दोघं आणि आमचा 8 वर्षांचा मुलगा लडाखला जाऊन आलो. लेहहून पँगाँगला जाताना तांगत्सेच्या पुढं एका हिरव्या कुरणापाशी गाड्यांची रांगच लागली होती. मार्मोट म्हणून गुबगुबीत, मांजराएवढे प्राणी बिळातून निघून लोकांच्या हातची बिस्किटं खात होते. खाऊ घालू नका असा फलक होता, पण सगळेच भरवत होते, मग आम्हीही भरवलं. बिस्कीट संपलं तरी मुलाने हात मागं घेतला नाही आणि त्या प्राण्याने त्याच्या बोटाला चावा घेतला. दोन दातांच्या खुणा, थोडं रक्त. ड्रायव्हर म्हणाला, हे रोजचंच आहे, काही होत नाही. आम्ही सॅनिटायझर लावून पट्टी चिकटवली. आज 12 दिवस झाले. जखम भरलीय, ताप नाही, पोरगं खेळतंय. पण सासूबाईंचं माहेर बीडकडचं. फोटो बघताच त्या म्हणाल्या, "हा तर घुशीचा थोरला भाऊ. प्लेग घरात आणलात." तेव्हापासून रोज नातवाच्या काखा आणि जांघा चाचपतात. हे म्हणतात, उंदीर-खार चावल्यावर कुणी रेबीजची इंजेक्शनं घेतं का, उगं लेकराला टोचू नको. खरं कुणाचं? पुढच्या महिन्यात माझी बहीण लेकरांना घेऊन तिकडंच चाललीय, तिला काय सांगू? आणि मुलाचा स्वतःचा एक प्रश्न आहे: त्याच्या बिस्किटाने मार्मोटचं पोट दुखलं असेल का?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी तुम्हाला वेगळं कळवलं होतं, कारण सदर येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. तेच इथं पुन्हा लिहितो. लेकराला दवाखान्यात न्या आणि रेबीजची लस सुरू करा. तुमच्या गावात स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, लांब जायचंही काम नाही. 12 दिवस उलटून गेले, आता काय उपयोग, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेपासून नसांमधून मेंदूकडं सरकत जातो. त्याला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात, कधी फार कमी, कधी वर्षही. तो पोचायच्या आत लसीने काम केलं पाहिजे, एवढाच हिशोब असतो. लक्षणं दिसू लागली की मात्र कुणाच्याच हातात काही राहत नाही. म्हणून उशीर झाला असेल तर उलट आजच जायचं.

मी जनावरांचा डॉक्टर, माणसांचा नाही. डोस किती, कुठं, कसा, हे तिथले डॉक्टर सांगतील. तरी तुम्हाला अंदाज असावा म्हणून सांगतो. लस त्वचेत देतात तेव्हा पहिल्या दिवसाला शून्य धरून 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी देतात. दंडात स्नायूत द्यायची तर 0, 3, 7, 14 आणि 28. पूर्वीसारखी पोटात 14 इंजेक्शनं घ्यावी लागत नाहीत, हे आजीलाही सांगा, तिच्या डोक्यात तीच असतील. रक्त आलं होतं, म्हणून चाव्याच्या जागी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं औषध, भरायचं का हेही डॉक्टर बघतील. लसीचा पहिला डोस घेतल्यापासून सात दिवसांच्या आतच ते देता येतं. जखम भरून दिसेनाशी झाली असली तरी बोट नेमकं कुठं चावलं ते दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही आठवून जा. आणि तिसऱ्या डोसनंतर "आता बरं आहे की" म्हणून 28 व्या दिवसाचा चुकवू नका. हा चुकवणारे मी अर्धा तालुका पाहिलेत.

तुमच्या मालकांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्याशी भांडणं अवघड जातं. घरातला उंदीर किंवा अंगणातली खार चावली तर रेबीजची लस सहसा लागत नाही, हे आपल्या सरकारी मार्गदर्शक सूचनाही सांगतात. कारण सोपं आहे. पिसाळलेलं कुत्रं किंवा कोल्हा उंदराला चावला, तर उंदीर तिथंच मरतो. रोग अंगात वाढवायला तो जिवंतच राहत नाही. पण मार्मोट खारीच्याच कुळातला असला तरी खारीएवढा नाही. लडाखमधला हिमालयीन मार्मोट, तिथले लोक त्याला फिया म्हणतात, चांगला चार ते नऊ किलोपर्यंत भरतो. एवढं मोठं जनावर कुत्र्याच्या तोंडातून सुटून बिळात जाऊ शकतं. अमेरिकेत त्याचा एक भाऊबंद आहे, ग्राउंडहॉग नावाचा. तिथं कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये रेबीज सापडतो तो सगळ्यात जास्त त्याच्यातच. शिवाय त्याच सरकारी सूचनांमध्ये दुसरं एक वाक्य असं आहे की रानटी जनावराचा चावा हा सगळ्यात वरच्या, म्हणजे तिसऱ्या गटातला धरायचा. मालकांनी पहिलं वाक्य ऐकलंय, दुसरं राहिलंय.

तुमचा तो मार्मोट पिसाळलेला होता असं मी म्हणत नाही. बहुधा नव्हताच. बिस्कीट कुठं संपतं आणि बोट कुठं सुरू होतं एवढंच त्याला कळलं नाही. पण त्याला दहा दिवस दावणीला बांधून बघायची सोय नाही, जशी घरच्या कुत्र्याला असते. म्हणून शंकेचा फायदा लेकराला द्यायचा.

एक चूक झाली ती बोलून घेतो. सॅनिटायझर आणि पट्टी हा उपाय नव्हे. चावा कुठल्याही जनावराचा असो, जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची. घड्याळ लावून 15, मनातली 15 नाही. साबणाने हा विषाणू मरतो. पँगाँगच्या रस्त्यावर नळ नसतो हे खरं, पण गाडीत पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या असतात. आणि आपल्याकडं हळद, चुना, तिखट भरायची जी खोड आहे, ती सोडा. तिखटाने रोग पळत नाही, लेकरू तेवढं कळवळतं.

आता सासूबाई. त्यांना कुणी वेड्यात काढू नये.

प्लेगचं उत्तर कॅलेंडरच देतं. प्लेगचे जंतू अंगात गेले तर साधारण एक ते सात दिवसांत माणूस पडतो: थंडी वाजून जोराचा ताप, डोकं ठणकणं, आणि जिथं पिसू चावली तिथल्या जवळच्या गाठी सुजणं, जांघेत, काखेत, मानेला. तुमचं लेकरू 12 दिवस ठणठणीत आहे. म्हणजे त्या चाव्यातून प्लेग आलेला नाही. आजीला म्हणावं, आता काखा चाचपायचं थांबवा, त्याला गुदगुल्या होत असतील.

पण त्यांना फोटो बघून प्लेगच का आठवला, हे तुम्हाला कळायला हवं. 1994 साली मी बीड जिल्ह्यात एका दवाखान्यात नोकरीला होतो. आदल्या वर्षी, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झालेला. लातूर-उस्मानाबादची गावं झोपेतच गाडली गेली, आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतही माणसं पुढं कितीतरी महिने घरात निजायला भ्यायची. घरं ओस, कणगीत धान्य तसंच. उंदरांना आणखी काय पाहिजे? नंतरच्या अभ्यासकांनीही हाच धागा जोडला. ऑगस्ट 1994 मध्ये मामला नावाच्या गावात आधी उंदीर पडायला, म्हणजे मरून पडायला लागले, पिसवा झाल्या, मग माणसांच्या जांघेत गाठी आल्या. "उंदीर पडणं" हा शब्द तोवर मी फक्त माझ्या आजीच्या तोंडून ऐकला होता, 1897-98 च्या गोष्टींत. सप्टेंबरात सुरतेला फुप्फुसाचा प्लेग निघाला आणि सगळा देश हादरला. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या दुकानांतून गायब झाल्या, सुरतेहून माणसं मिळेल त्या गाडीने सुटली, जो तो तोंडाला रुमाल बांधून. माझ्या दवाखान्यात लोक म्हशी घेऊन यायचे आणि म्हशीबद्दल काही न विचारता हळूच विचारायचे, "डॉक्टर, जनावराला बी होतो का हो प्लेग?" सासूबाई तेव्हा तिशी-पस्तिशीच्या असतील. ज्या गावच्या बाईने ते दिवस पाहिलेत, तिला घुशीसारखं तोंड दिसलं की काळजात चर्र होणारच.

आणि त्यांचा नेम तसा चुकलेलाही नाही. ताई, हे वाचून दचकू नका, पण मार्मोट आणि प्लेग यांचं नातं उंदीर आणि प्लेगपेक्षाही जुनं आणि पक्कं आहे. तिबेटच्या पठारावर प्लेगचे जंतू ज्या प्राण्यात मुक्काम ठोकून असतात तो मुख्यतः हाच, हिमालयीन मार्मोट. 2014 मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात युमेन गावी एका माणसाने मेलेला मार्मोट तोडून आपल्या कुत्र्याला घातला. तो प्लेगने गेला आणि त्याच्या संपर्कातली 151 माणसं वेगळी ठेवावी लागली. 2019 मध्ये मंगोलियात एका जोडप्याने तब्येतीला चांगलं असतं या समजुतीने मार्मोटचं कच्चं मूत्रपिंड खाल्लं, दोघंही गेली, आणि तो भाग सहा दिवस बंद होता, परदेशी पर्यटकांसकट. या सगळ्यांत काय सारखं आहे बघा: मेलेला प्राणी हाताळणं, सोलणं, कच्चं खाणं, नाहीतर त्याच्या अंगावरच्या पिसवा. लांबून बघून कुणाला काही झालेलं नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवून गेली ती मांचुरियाची, म्हणजे आजच्या ईशान्य चीनची गोष्ट. 1910-11 च्या हिवाळ्यात तिथं फुप्फुसाच्या प्लेगने जवळजवळ 60,000 माणसं मेली. सुरुवात झाली ती तारबागान नावाच्या मार्मोटच्या कातड्यापासून. त्या वर्षांत या कातड्याचा भाव खूप चढला होता, कारण रंगवल्यावर ते महागड्या फरसारखं दिसायचं. भाव चढला तशी चीनच्या इतर भागांतून हजारो नवखी माणसं शिकारीला गेली. तिथले जुने मंगोल आणि बुर्यात शिकारी पिढ्यान्‌पिढ्या मार्मोट मारत होते, त्यांचा एक नियम होता: माणूस दिसल्यावर जो शिट्टी मारून बिळात पळत नाही, जो सुस्त पडून राहतो, त्याला हात लावायचा नाही. तो आजारी असतो. नवख्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, हा तर सोपा सापडतोय. सोपा सापडला म्हणूनच धरला, सोलला, आणि दाटीवाटीच्या सरायांमध्ये एकमेकांच्या अंगावर खोकत राहिले.

आपल्याकडं हाच नियम वेगळ्या जनावराला लावलेला आहे. मराठवाड्यात कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा. कोल्हा भर दिवसा गोठ्यापर्यंत आला, माणसाला भीत नाही, म्हशीच्या तोंडाला डसतो, तर तो पिसाळलेला. मुंगूस पायात येऊन घुटमळायला लागलं तर त्याच्यापासून लांब व्हायचं. अशा कोल्ह्याने डसलेल्या गाई मी पाहिल्यात. महिना-दीड महिन्याने गाय लाळ गाळायला लागते, घोगरी हंबरते, मालकाला वाटतं घशात काही अडकलं, आणि तो कोपरापर्यंत हात आत घालून बघतो. मग गायीबरोबर सगळ्या घराला लसीसाठी पाठवायचं काम माझं. 2002 मध्ये हिमाचलात शिमला जिल्ह्यातल्या हाटकोटीला प्लेग झाला, 16 जण आजारी पडले, चार गेले. त्याचीही सुरुवात एका शिकाऱ्यापासून झाली. त्याला रानात एक आजारी रानमांजर सापडलं आणि त्याने ते मारून सोललं. पुन्हा तेच. सोपं सापडलं.

रानातल्या जनावराने माणसाला भिणं ही त्याच्या तब्येतीची एकमेव खूण आहे जी तुम्हाआम्हाला लांबून वाचता येते. थर्मामीटर लागत नाही, रक्त काढावं लागत नाही. पँगाँगच्या त्या कुरणावर बिस्किटाच्या पुड्यांनी ही खूण पुसून टाकली आहे. तिथं निरोगी मार्मोटही पळत नाही आणि आजारीही पळणार नाही. दोघं सारखेच हाताशी येतात. मग तुमच्या लेकराच्या बोटाशी आला तो कुठला, हे ड्रायव्हरला कुठून कळणार? "रोज होतं, काही होत नाही" हे वाक्य मला चाव्यापेक्षा जास्त खटकलं ते यासाठी.

म्हणजे मार्मोट माणसाला धोकादायक आहे का? आपण होऊन नाही. तो गवत, मुळ्या, फुलं खाणारा प्राणी, अंगावर धावून येत नाही, हिमबिबट्या आणि लांडग्याला भिऊन जगतो. कोपऱ्यात अडकवला, उचलायला गेलं किंवा बोट तोंडाशी नेलं तर चावतो. समोरचे दात मुळ्या तोडायचे असल्याने चावा खोल जातो. 20-30 पावलांवरून बघा, त्याच्याइतका गोड प्राणी नाही. मागच्या पायांवर उभा राहून हात छातीशी धरतो, तेव्हा एखादे रिटायर्ड मास्तर गावच्या पारावर उभे आहेत असं वाटतं.

तुमच्या बहिणीला सांगा, जा खुशाल. पण मार्मोटच्या काळजीत ज्याची काळजी करायला हवी ते राहून जाऊ नये. लेह 3,500 मीटरवर आहे, पँगाँग 4,200 च्या वर, आणि मध्ये चांग-ला नावाचा घाट 5,300 च्या वर. लेकरांना घेऊन लेहमध्ये दोन दिवस नुसतं बसायचं. विमानातून उतरल्या दिवशी बाजार फिरायचा नाही, पाणी पीत राहायचं. पँगाँगला मार्मोटच्या मागं पोरं पळत सुटतात, तेव्हा मला प्लेगची नाही, विरळ हवेची भीती वाटते. डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या, चालताना तोल जायला लागला तर फोटो पुरे, खाली उतरायचं. दुसरं, तिथली मोकाट कुत्री. छावण्यांच्या उष्ट्यावर वाढलेली दांडगी कुत्री टोळीने हिंडतात. रात्री तंबूतून एकट्या लेकराला बाहेर सोडू नका. रेबीजच्या हिशोबात माझ्या यादीत मार्मोट खूप खाली आहे आणि कुत्रं सगळ्यात वर.

आणि मार्मोट दिसले तर गाडीतून उतरा, बघा, खिशातून काही काढू नका. बिळाच्या तोंडाशी बसायचं नाही, तिथं पिसवा असतात. बिळात हात घालायचा नाही. मेलेला दिसला तर काठीनेही हलवायचा नाही. परत आल्यावर आठवड्याभरात कुणाला जोराचा ताप आला तर डॉक्टरला पहिल्यांदा "आम्ही लडाखला होतो, मार्मोट जवळून पाहिले" हे सांगायचं. प्लेगवर साधी अँटिबायोटिकं लागू पडतात, पण ती लवकर सुरू व्हावी लागतात, आणि अंबाजोगाईतल्या डॉक्टरच्या मनात मार्मोट आपण होऊन येणार नाही. बहिणीने शक्य असेल तर ड्रायव्हरलाही त्या कुरणाजवळ गाडी थांबवण्याआधी सांगून ठेवावं की आमची लेकरं भरवणार नाहीत. नाहीतर तोच डॅशबोर्डमधून पुडा काढून देतो.

राहिला तुमच्या चिरंजीवांचा प्रश्न, आणि पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे. बाळा, तुझ्या एका बिस्किटाने त्याचं पोट दुखलं नसेल. पण तुझ्या मागं त्या दिवशी किती गाड्या होत्या ते मोज, आणि असे दिवस किती ते मोज. मार्मोटला उन्हाळ्याचे थोडेच महिने मिळतात. तेवढ्यात गवत खाऊन अंगावर चरबी चढवायची आणि थंडी पडली की अख्खं कुटुंब एका बिळात शिरून, बिळाचं तोंड माती-दगडांनी बुजवून सहा महिन्यांहून जास्त झोपायचं. मधे उठून डबा खायला मिळत नाही. मैदा-साखर त्या झोपेसाठी बनलेली नाही, आणि रस्त्याकडं बघायची सवय लागलेला मार्मोट गाडीखाली येतो ते वेगळंच. पुढच्या वेळी तू त्याला लांबून बघ. तो शिट्टी मारून बिळात पळाला तर समज, तब्येत चांगली आहे.

दिवाळीच्या सुट्ट्या लागतील तोवर तो तिकडं गाढ झोपलेला असेल, आणि तुझं 28 व्या दिवसाचं इंजेक्शन त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेलं असेल.